बाबा रोज मेट्स का बघतात?

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे बाबा 1973 साली शिकायला अमेरिकेत आले आणि तेव्हापासून न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमचे फॅन आहेत. आता वय 76. आई दोन वर्षांपूर्वी गेली. एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी टीव्हीसमोर, मांडीवर वही, हातात पेन्सिल. टीम हरली की चिडतात, जिंकली तरी फारसे खुलत नाहीत. त्या विचारतात: "पन्नास वर्षांत एकदाच वर्ल्ड सीरीज (बेसबॉलची सर्वोच्च ट्रॉफी) जिंकलेल्या टीमपायी रोजची संध्याकाळ घालवायची, हे प्रेम, सवय की एकटेपणा? या वयात फॅन असण्याला काही अर्थ उरतो का?"

आधी माझी ओळख देतो. 1984 साली मी दादरहून क्वीन्सला आलो तेव्हा 26 वर्षांचा होतो. शिवाजी पार्कवर क्रिकेटची स्कोअरबुकं लिहिलेली, त्यामुळे इथे आल्यावर बेसबॉलची वही बघितली आणि हात शिवशिवले. पुढे शाळकरी मुलांच्या लीगमध्ये बरीच वर्षं अंपायर होतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर आता त्याच लीगमध्ये स्कोअरर म्हणून बसतो. म्हणजे फॅन म्हणून तुमचे बाबा मला अकरा वर्षांनी सीनियर. आमच्यात या सीनियॉरिटीला फार मान असतो, तेव्हा त्यांच्याबद्दल बेतानेच बोलेन.

तुम्ही हिशेब ट्रॉफ्यांचा मांडलात. बेसबॉलमध्ये तो कुणालाच परवडत नाही. सीझनमध्ये 162 मॅचेस असतात. मेट्सची आजवरची सगळ्यात भारी टीम 1986 ची. तिने 108 जिंकल्या, म्हणजे 54 हरल्याच. 2023 मध्ये सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पगार मोजून मालकाने टीम उभी केली, ती 75 जिंकून 87 हरली. दर दोन-तीन दिवसांनी हरणार हे ज्याला पचत नाही तो या खेळात एक उन्हाळाही टिकत नाही. बाबा पन्नासहून जास्त उन्हाळे टिकले आहेत. चिडतात म्हणता, ते चिडणं फार खोल जात असेल असं मला वाटत नाही. तो हजेरीचा भाग आहे. रक्तदाबाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, त्यात मी पडत नाही.

निव्वळ जिंकण्यासाठी बघायचं असतं तर त्यांनी 1977 लाच टीव्ही बंद केला असता. त्या वर्षी 15 जूनला मेट्सने टॉम सीव्हरला सिनसिनाटीच्या टीमला देऊन टाकलं. सीव्हर म्हणजे या टीमचा पहिला खराखुरा मोठा खेळाडू. 1969 ची ट्रॉफी त्याच्या हातावर आली होती. पगारावरून व्यवस्थापनाशी बिनसलं आणि त्याला घालवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मेट्सचं तेव्हाचं शे स्टेडियम इतकं ओस पडलं की लोक त्याला चेअरमन ग्रँटच्या नावावरून 'ग्रँटची कबर' म्हणायला लागले. बाबा तेव्हा तिशीच्या आतले. नवा देश, नवी नोकरी, खेळ नुकता कुठे कळायला लागलेला. तरीही त्यांनी टीम बदलली नाही, शेजारी न्यूयॉर्कचीच दुसरी टीम, यांकीज, वर्ल्ड सीरीज जिंकत असताना. त्या वर्षांबद्दल त्यांना कधी विचारलंयत का? विचारा. तुमच्या आईची आणि त्यांची न्यूयॉर्कमधली सुरुवातीची वर्षंही त्याच कहाणीत निघतील.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळतो. वय वाढतं तसा माणूस मॅच कमी बघतो असं नाही. तो वेगळं काहीतरी बघायला लागतो. विशीत नजर चेंडूवर आणि स्कोअरबोर्डवर असते. साठीनंतर ती माणसांवर जाते: पिचर (चेंडू टाकणारा) माउंडवरून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून, उतरताना खांदा कसा धरतो, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) उठताना कुठला हात टेकतो, बाकावर बसलेला मॅनेजर कुणाकडे बघणं टाळतोय. हे मला पहिल्यांदा लख्ख जाणवलं ते 1 जून 2012 ला, म्हणून त्या रात्रीचं जरा सविस्तर सांगतो.

समोरच्या टीमला नऊ इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर (धावताना गाठायच्या थांब्यावर) पोचवणारा फटका, न देणं म्हणजे नो-हिटर. मेट्स 1962 पासून खेळतायत आणि त्या रात्रीपर्यंत त्यांच्या एकाही पिचरला हे जमलं नव्हतं. सीव्हरलाही नाही. त्याने तो केला 1978 मध्ये, सिनसिनाटीचा शर्ट घालून. त्या शुक्रवारची मॅच मेट्सच्या इतिहासातली 8,020 वी. समोर सेंट लुईस कार्डिनल्स, माउंडवर योहान सँटाना. सँटानाच्या खांद्याचं मोठं ऑपरेशन झालेलं, त्यापायी 2011 चं अख्खं वर्ष वाया गेलेलं, नुकता परतला होता. मॅनेजर टेरी कॉलिन्सने मनाशी आकडा धरला होता: साधारण 115 चेंडू, त्यापुढे नाही.

सहाव्या इनिंगमध्ये कार्लोस बेल्ट्रानने तिसऱ्या बेसच्या रेषेवर एक जोरदार फटका मारला. रीप्लेत चुना उडालेला दिसतो. अंपायरने फाउल, म्हणजे चेंडू रेषेबाहेर, दिला. त्या काळी असा निर्णय रीप्ले बघून बदलता येत नसे, त्यामुळे विषय तिथेच संपला. (अंपायर म्हणून माझं मत विचाराल तर चेंडू आत होता. मेट्सचा माणूस म्हणून माझं काही मत नाही.) सातव्या इनिंगमध्ये यादिएर मोलिनाचा फटका डाव्या बाजूला खोलवर गेला आणि माइक बॅक्स्टर, क्वीन्समध्येच वाढलेला पोरगा, तो पकडून धाडकन भिंतीवर आदळला. चेंडू हातात राहिला, खांदा गेला. त्याला बाहेर न्यावं लागलं. तोवर मेट्स आरामात पुढे होते, त्यामुळे जिंकायची काळजी कुणालाच नव्हती. सगळं स्टेडियम एकेक आउट मोजत होतं.

आणि कॉलिन्स चेंडू मोजत होता. 110. 120. आठव्या इनिंगनंतर कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा तो 63 वर्षांचा माणूस असा दिसत होता, जणू ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभा आहे. थांबवावं तर पन्नास वर्षं वाट बघणारी माणसं आयुष्यभर माफ करणार नाहीत. थांबवू नये तर हा खांदा. त्याने थांबवलं नाही. 134 व्या चेंडूवर, चेंजअपवर (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूवर), शेवटचा बॅटर डेव्हिड फ्रीस फसला आणि सगळे माउंडवर धावले. माझ्या शेजारचा पंचविशीतला मुलगा रडत होता. विशीतला मी असतो तर मीही रडलो असतो. त्या रात्री मात्र मी पडद्यावर कॉलिन्सला शोधत होतो, आणि तो हसत नव्हता.

सँटानाला त्यानंतर सूर सापडलाच नाही. ऑगस्टमध्ये त्याचं वर्ष संपलं, पुढच्या वर्षी खांद्याचं दुसरं ऑपरेशन झालं, आणि तो परत मोठ्या लीगमध्ये खेळला नाही. 134 चेंडूंमुळेच असं झालं का, यावर डॉक्टरांचंही एकमत होणार नाही. पण तुमच्या बाबांना विचारून बघा, "बाबा, तुम्ही त्याला काढलं असतं का?" कॉलिन्स 1949 चा, म्हणजे त्यांच्याच वयाचा. उत्तराला तासभर लागेल. अशा प्रश्नांना आमच्या वयात उत्तर कमी आणि अनुभव जास्त असतो. आयुष्यात आपणही कुणाला थांबवलं नाही, कुणाला फार लवकर थांबवलं, ते सगळं त्या एका निर्णयात येऊन बसतं. जिंकूनही ते फारसे खुलत नाहीत म्हणता ना, त्यांचं बघणं स्कोअरवर संपत नाही, हे त्याचं कारण असावं.

वयाचे आणखीही हिशेब असतात. हुलियो फ्रँको 23 ऑगस्ट 1958 चा, म्हणजे माझ्याच वर्षीचा. तो 2006 मध्ये मेट्सकडे आला तेव्हा मोठ्या लीगमध्ये माझ्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. 4 मे 2007 ला ॲरिझोनात त्याने पिचर रँडी जॉन्सनला होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारला. फ्रँको 48 चा, जॉन्सन 43 चा. इतक्या वयाच्या माणसाने मोठ्या लीगमध्ये होमरन मारल्याची दुसरी नोंद नाही. ऑफिसमधल्या पोरांना मी आठवडाभर त्याबद्दल सुनावलं. जुलैत मेट्सने त्याला सोडलं आणि त्या वर्षाअखेर तो अमेरिकेतल्या मोठ्या लीगमधून कायमचा बाहेर पडला. त्यानंतर माझ्या वयाचं मैदानावर कुणीच नाही, सगळे बाकावर, मग समालोचनाच्या खोलीत, मग श्रद्धांजलीच्या बातमीत. तुमच्या बाबांनी हा टप्पा माझ्या कितीतरी आधी ओलांडलाय.

श्रद्धांजलीचं निघालंच म्हणून सांगतो. सीव्हर गेला 31 ऑगस्ट 2020 ला, शेवटची काही वर्षं स्मृती हरवलेल्या अवस्थेत काढून. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. यांकीजविरुद्धच्या पुढच्या घरच्या मॅचआधी मेट्सच्या खेळाडूंनी उजव्या गुडघ्यावर माती फासली. सीव्हर चेंडू टाकताना इतका खाली जायचा की त्याचा उजवा गुडघा जमिनीला घासायचा आणि पँटला तिथेच डाग पडायचा. त्यातल्या बहुतेक पोरांनी त्याला खेळताना पाहिलेलंच नव्हतं. तो डाग कशाचा हे टीव्हीवर सांगायच्या आधी ज्यांना कळलं असेल, त्यांत तुमचे बाबा होते.

'माझ्या हयातीत' हे गणित आमच्या वयात सगळेच मांडतात, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. 2004 साली बॉस्टन 86 वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकलं तेव्हा लोक वर्तमानपत्रं आणि टीमचे झेंडे घेऊन आपल्या वडील-आजोबांच्या कबरींवर गेले. 2016 मध्ये शिकागो कब्ज 108 वर्षांनी जिंकले तर त्यांच्या रिग्ली फील्ड स्टेडियमच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोकांनी खडूने नावं लिहिली, त्यांत कितीतरी नावं वाट बघत गेलेल्यांची होती. मेट्सने हुआन सोटो या बॅटरशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार केला तेव्हा माझ्या मुलाने पैशांचा हिशेब केला आणि मी वर्षांचा. करार 2039 पर्यंतचा आहे, मी तेव्हा 81 चा. बॉबी बोनीया मेट्ससाठी शेवटचा 1999 मध्ये खेळला, तरी एका जुन्या करारापायी त्याला दर 1 जुलैला सुमारे 11 लाख 93 हजार डॉलर मिळतात, तेही 2035 पर्यंत. आमच्या कंपूत पैज आहे की आपल्यातलं कोण त्याचा शेवटचा चेक बघणार. मुलांना हा विनोद अभद्र वाटतो. आम्हाला नाही वाटत.

मात्र गंमत अशी की हे गणित जितकं आखूड होतं तितकं लक्ष जवळ येतं. तिशीत मी ऑक्टोबरमधल्या अंतिम फेऱ्यांची वाट बघत मेमधल्या मॅचेस नुसत्या चाळायचो. आता मेमधल्या मंगळवारच्या मॅचची सहावी इनिंग, दोन आउट, दोन बेसवर धावपटू, आणि बॅटर सलग सात-आठ चेंडू फाउल करत टिकून राहिलाय, एवढं मला पुरतं. ट्रॉफी मिळाली तर हवीच आहे, खोटं कशाला बोलू. पण रोज संध्याकाळी काहीतरी असं घडतं, ज्याचा निकाल जगात अजून कुणालाच माहीत नाही आणि ज्यावर माझं मत तयार व्हायचंय. निवृत्त माणसाच्या दिवसात अशा गोष्टी किती उरतात, बघा. औषधांच्या वेळा ठरलेल्या, फोन ठरलेले, जेवण ठरलेलं.

नव्या नियमांवर म्हातारे फॅन कुरकुरतात असा समज आहे. आम्ही कुरकुरतो, पण सगळ्यांवर नाही. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलं, बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. नऊ इनिंगची सरासरी मॅच एका वर्षात सुमारे 24 मिनिटांनी आखूड झाली. सातला सुरू झालेली मॅच दहाच्या आत संपते, झोपेची गोळी वेळेवर घेता येते. याला कोण नाही म्हणेल? उलट बरोबरी झाल्यावरच्या एक्स्ट्रा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करतात, त्यावर माझ्यासमोर बोलू नका.

एकटेपणाबद्दल स्पष्टच बोलतो. हो, आहे. आई गेल्यावर घर शांत झालंय आणि संध्याकाळी सातनंतरची शांतता सगळ्यात वाईट. 2006 पासून मेट्सच्या टीव्हीवर गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे तिघं बोलतायत. कीथ आणि रॉन 1986 च्याच टीममधले. ते मॅचबद्दल बोलतात, मध्येच मांजराबद्दल बोलतात, एकमेकांची खेचतात, पाऊस आला तर जुन्या गोष्टी काढतात. तीन तास घरात ओळखीचे आवाज असतात आणि ते तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा करत नाहीत. त्याने आईची जागा भरत नाही. पण ती भरायला म्हणून बाबा टीव्ही लावतात असंही मी समजणार नाही, ते आई असतानाही लावतच होते.

माझ्या ओळखीत असे बरेच ज्येष्ठ आहेत, त्यांच्याकडे बघून सांगतो. मॅच बघतात म्हणून काळजी करू नका. काळजी नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा, जेव्हा मॅच नसते. तेव्हा वरचेवर जा. आणि सीझनमध्ये त्यांनी वही लिहायची सोडली, किंवा चिडायचेच थांबले, तर त्याच आठवड्यात घरी जाऊन बघा.

वही हीच तुमची वाट आहे. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, मग आउटफिल्ड डावीकडून 7, 8, 9. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला, की K. बॅट न फिरवता नुसता बघत राहून आउट झाला तर K उलटा. जुन्या वह्या माळ्यावर असतील तर 19 ऑक्टोबर 2006 चं पान काढा. लीगच्या अंतिम फेरीतली सातवी मॅच, पुन्हा हेच कार्डिनल्स. सहाव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सच्या रकान्यात 7-4-3 दिसेल. स्कॉट रोलेनचा चेंडू भिंतीपलीकडे गेलाच होता, एंडी चावेझने उडी मारून पंज्याच्या टोकात तो परत आणला आणि लगेच दुसऱ्या बेसमार्गे पहिल्याकडे फेकून आणखी एक आउट मिळवला. लिहायला तीन आकडे, बघायला आयुष्यभर. मग मेट्सच्या नवव्या इनिंगमध्ये या: 3-1 ने मागे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, आणि शेवटच्या चौकोनात बेल्ट्रानच्या नावापुढे उलटा K. हो, तोच बेल्ट्रान, तेव्हा आपला होता. कार्डिनल्सच्या ॲडम वेनराइटचा कर्व्ह (वळणारा चेंडू) आला आणि तो बघत राहिला. बाबांनी तो K किती दाबून लिहिलाय ते बघा. समासही वाचा. माझ्या वह्यांच्या समासात पाहुण्यांचे फोन नंबर आहेत, मुलाच्या फीचे हिशेब आहेत, हिच्या तपासणीच्या तारखा आहेत. त्यांच्याही असणार.

त्यांच्याशी बोलताना "कोण जिंकतंय?" विचारू नका, ते पडद्यावर दिसतंच. "आज पिचर कोण आहे, कसा टाकतोय?" असं विचारा.

आणि एकदा त्यांना प्रत्यक्ष मॅचला घेऊन जा. एप्रिलमध्ये नको, फ्लशिंगचा, म्हणजे मेट्सचं स्टेडियम आहे त्या भागातला, वारा हाडात शिरतो. जूनमधला रविवार घ्या, दुपारची मॅच, छताखालच्या रांगेतल्या सीट्स. पायऱ्या कमी आणि लिफ्टजवळची जागा बघून तिकीट काढा, पहिली रांग आमच्या कामाची नाही, फाउल चेंडू येताना मान वळेपर्यंत तो पोचलेला असतो. सकाळी फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जाऊन खालच्या कँटीनमध्ये डोसा खाऊन निघा, म्हणजे आतल्या महागड्या हॉटडॉगवरून बाबांची कुरकुर होणार नाही. स्टेडियममध्ये शिरण्याआधी त्यांना पार्किंगमध्ये न्या. 2009 मध्ये शे पाडलं, त्याचे बेस, माउंड आणि होम प्लेट जिथे होते तिथे जमिनीत खुणेच्या पाट्या बसवल्या आहेत. घाई करू नका तिथे.

वही त्यांची त्यांना लिहू द्या, तुम्ही स्वतःची वेगळी घ्या. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर हवं, कारण अधिकृत स्कोअरर दिलेली हिट 24 तासांच्या आत एरर (फील्डरची चूक) करू शकतो. मग दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन येईल, की तो चौकोन बदलून घे.